शनिवारच्या प्रश्नवहीची कहाणी

ऐक ग जिज्ञासाबाई, तुझी कहाणी.

एक आटपाट गाव होतं. गावाला टेकडी होती. टेकडीवर शाळा होती. तिथं सुलक्षणा नावाची बाई विज्ञान शिकवी. प्रयोगाचा तास आला, की मुलगे टेबलाभोवती गोळा होत. मुली मागल्या बाकांवर बसत, आकृत्या काढत, तास संपला की काचेच्या नळ्या धूत. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण चालत आलं होतं. सुलक्षणा शिकली तेव्हाही तसंच होतं. तिनं पदवी घेतलीन, पहिला वर्ग मिळवलान, पण सूक्ष्मदर्शकाचा कुठला स्क्रू फिरवला की चित्र स्पष्ट होतं, ते तिच्या बोटांना ठाऊक नव्हतं.

एके दिवशी काय झालं? आठवीतली सोनकी उभी राहिली. खालच्या वाडीतली पोर, तोंडावर हात धरून बोलायची.

“बाई, त्या सूक्ष्मदर्शकात काय दिसतं?”

“पुस्तकात चित्र आहे, ते बघ.”

“चित्र बघितलं, बाई. पण त्यात काय दिसतं?”

सुलक्षणानं पुस्तक मिटलंन. घरी आली, भाकरी थापू लागली, भाकरी करपली. नवऱ्यानं विचारलं, “लक्ष कुठं आहे?” ती म्हणाली, “मी कधी बघितलंच नाही हो.”

मग तालुक्याला प्रशिक्षण लागलं. सुलक्षणा एसटीनं गेली. दुपारी डबा खायला बदामाच्या झाडाखाली आली, तर तिथं तीन बाया बसलेल्या. एक नसीमबाई, एक कुमुदबाई, एक येसूबाई. तिघी तीन गावच्या शिक्षिका. मधे वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मिक्सर उघडून मांडलेला.

“बायांनो, बायांनो, हे काय करता?”

“आम्ही वसा वसतो.”

“त्यानं काय होतं?”

“मुलींची भीती जाते. आपली आधी जाते.”

“तो वसा मला द्या.”

“देऊ ग. पण कौतुक झालं की फुगशील, घाई झाली की सोडशील.”

“फुगणार नाही, सोडणार नाही.”

मग नसीमबाई म्हणाल्या, “शनिवारी शाळा सुटायच्या आधी एक तास राखावा. सगळी उपकरणं बाहेर काढावी. मुलगा असो मुलगी असो, पाळी सगळ्यांची यावी. नळ्या सगळ्यांनी धुवाव्या, आकृत्या सगळ्यांनी काढाव्या.”

कुमुदबाई म्हणाल्या, “एक वही ठेवावी. ज्या पोरीला जो प्रश्न पडेल, तो तिच्या नावानिशी लिहावा. उत्तर सांगायची घाई करू नये.”

येसूबाई म्हणाल्या, “आपल्याला येत नसेल, तर येत नाही म्हणावं. दुसऱ्या गावच्या बाईला विचारावं. तिला येत नसेल, तर तिनं तिसरीला. आपल्याला कुणी विचारलं, तर हातचं काम ठेवून सांगावं. आणि उद्यापनाला हा वसा आणखी एका बाईला द्यावा.”

सुलक्षणा घरी आली. शनिवार धरलान. पहिल्या शनिवारी स्वतःच डोळा लावलान, स्क्रू फिरवलान, कांद्याच्या पापुद्र्यात विटांसारख्या पेशी दिसल्या. ती लहान पोरीसारखी ओरडली. दुसऱ्या शनिवारी मुलींनी विजेचा दिवा लावला. तिसऱ्या शनिवारी सोनकीनं बिघडलेली घंटा दुरुस्त केली. वही भरू लागली. कुणी विचारी, उकळत्या दुधाला साय येते, पाण्याला का नाही? कुणी विचारी, भिंतीवर पाल चिकटते कशी? उत्तरं या गावाहून त्या गावाला जाऊ लागली, त्या गावाहून नवे प्रश्न येऊ लागले.

पुढं काय झालं? जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन लागलं. मोठे गुरुजी म्हणाले, “बाई, यंदा पहिला नंबर आणायचा.” सुलक्षणाला मोह पडला. पवनचक्की करायची ठरली. घाई झाली, म्हणून ती मुलग्यांच्या हाती दिलीन. मुलींना म्हटलंन, “तुम्ही रांगोळी काढा, पाहुण्यांना फुलं द्या.” पहिला शनिवार तयारीत गेला, दुसरा प्रदर्शनात गेला, तिसरा सत्कारात गेला. नंबर आला. सुलक्षणाला शाल मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. वही तशीच मिटलेली राहिली.

मग सोमवारी बघते, तर सोनकी शाळेत नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. शाळा सुटली तशी सुलक्षणा खालच्या वाडीला गेली.

घरात सोनकीची थोरली बहीण रत्नमाला भिंतीकडे तोंड करून बसलेली. आई दारात आली. म्हणाली, “काय सांगू, बाई? पाहुणे आले, पोरीचे दात बघितले, उठून गेले. वर म्हणाले, तुमच्या वाडीला शापच आहे. सोनकी म्हणते, मी पण शाळेत जात नाही, मला पण हसतात.”

सुलक्षणानं बघितलंन. रत्नमालाचे दात तपकिरी, सोनकीचे तपकिरी. अंगणात खेळणाऱ्या पोरांचे तसलेच. तिला इतके दिवस दिसले नव्हते, कारण सोनकीनं तोंडावरचा हात कधी काढला नव्हता.

सोनकी हळूच म्हणाली, “बाई, शाप असता तर आईलाही लागला असता. आईचे दात पांढरे आहेत. काकूचे, मामीचे, लग्न करून आलेल्या सगळ्यांचे पांढरे. इथं जन्मलेल्यांचेच असे. का?”

“अग, हा प्रश्न वहीत का नाही लिहिलास?”

“वही मिटलेली होती, बाई.”

सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “चुकले ग. फुगले आणि सोडलं. उद्या शनिवार नाही, पण आपण शनिवार धरू.”

दुसऱ्या दिवशी वही उघडलीन, प्रश्न सोनकीच्या नावानं लिहिलान. मुली निघाल्या, मुलगेही निघाले. वरच्या वाडीत गेले, तिथं विहिरीचं पाणी, पोरांचे दात पांढरे. मधल्या वाडीत गेले, तिथं झऱ्याचं पाणी, पोरांचे दात पांढरे. खालच्या वाडीत आले, तिथं खोल हापशाचं पाणी, दातांवर डाग.

मोठे गुरुजी रागावले. “मुलींनी घरोघर लोकांच्या तोंडात बघायचं? हे काय शिकवता?”

सुलक्षणा म्हणाली, “गुरुजी, काय आहे ते मलाही ठाऊक नाही. म्हणून तर बघतो आहोत.”

पाण्यात काय असावं? तिनं नसीमबाईंना विचारलंन. नसीमबाईंना येईना, त्यांनी कुमुदबाईंना विचारलं. कुमुदबाईंना येईना, त्यांनी येसूबाईंना विचारलं. येसूबाई हातचं काम ठेवून दुसऱ्याच दिवशी एसटीनं आल्या. पिशवीत पाणी तपासायची पेटी होती. म्हणाल्या, “आमच्याकडं असंच झालं होतं. खोल खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. पोरांचे दात हिरडीत घडत असतात, तेव्हा असं पाणी प्यायलं की डाग धरतात. जास्त वर्षं प्यायलं तर हाडंही आखडतात.”

पेटी कुणी उघडायची? सोनकीनं. तीन नळ्यांत तीन वाड्यांचं पाणी घेतलंन, पेटीतल्या औषधाचे थेंब मोजून टाकलेन, तसं पाणी गुलाबी झालं. पहिली नळी गुलाबी राहिली. दुसरी गुलाबी राहिली. तिसरी बघता बघता पिवळी पडली, म्हणजे त्यात फ्लोराइड जास्त. गुरुजी पुढे आले, चष्मा पुसला, म्हणाले, “पुन्हा कर.” पुन्हा केलंन, पुन्हा पिवळी. गुरुजींनी ती नळी उचलली. मग स्वतःच सरपंचांकडे गेले.

सरकारी प्रयोगशाळेतूनही तोच निकाल आला. हे पाणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग लागला, वरच्या विहिरीचं पाणी नळानं खाली आलं. जुने डाग गेले नाहीत, खोटं कशाला सांगू? पण वाडीचा शाप गेला. रत्नमाला तोंड उघडून हसू लागली, गावोगावचं पाणी तपासायला शिकली. पुढं वाडीत जी बाळं जन्मली, त्यांचे दात पांढरे आले.

सुलक्षणाला वाटलं, वसा पुरा झाला, उद्यापन करावं. शेजारच्या गावच्या नव्या बाईंना बोलावलंन, कोरी वही दिलीन. इतक्यात सोनकी धावत आली.

“बाई, फ्लोराइड पाण्यात खडकातून आलं. पण खडकात कुठून आलं?”

सुलक्षणा नव्या बाईंकडे बघू लागली, नव्या बाई सुलक्षणाकडे. “येत नाही ग,” दोघी एकदम म्हणाल्या. आणि हसल्या. मग नव्या बाईंनी कोऱ्या वहीत पहिल्या पानावर सोनकीचं नाव घातलं, खाली प्रश्न लिहिला, आणि दोघी मिळून येसूबाईंना विचारायला निघाल्या.

जशी जिज्ञासाबाई सोनकीला पावली, तशी तुम्हां आम्हां लेकीसुनांना पावो, लेकांनाही पावो. ही शंभर प्रश्नांची कहाणी, एका वहीत मांडली, पुढच्या बाईच्या हाती सुफळ झाली.