आवराआवर

“पाप लागेल का, एवढंच सांगा बुवा.”

वैजूवहिनींनी तिसऱ्यांदा विचारलं. धोंडबुवा सुपात गहू निवडत होते.

“कशाचं पाप?”

“सुईचं. भूक कमी करायची सुई आहे. आठवड्याला एक, पोटात टोचायची. वजन उतरतं.”

“देतंय कोण?”

“डॉक्टर. साखर वाढलीये. गुडघे गेलेत. डाव्या पायाची बोटं बधिर पडायला लागलीत. आता उशीर करू नका म्हणाले.”

“मग मला का विचारतेस?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची धाकटी जाऊ. लग्नाला दोन महिने झाले होते, आणि अशा वेळी बोलायचं नसतं एवढं शिकून झालं होतं.

“घरी म्हणतात, आधी हादडायचं आणि मग सुया टोचायच्या, ही कुठली रीत. सासूबाई म्हणाल्या, बुवा हो म्हणाले तरच घे. पहिली सुई फ्रिजमध्ये तशीच पडलीये. दोन सोमवार गेले.”

बुवा खडे शोधत राहिले.

उत्तर त्र्यंबकानं दिलं. तो बुवांचा शिष्य. ओढ्याकाठच्या या मठात सहा वर्षं दिवसातून एकदाच जेवणारा. फासळ्या दुरून दिसाव्यात असा, आणि दिसाव्यात म्हणूनच उघडा बसलेला.

“ताई, रोग जिभेत आहे. सुई पोटात टोचून काय होणार? तोंड आवरा.”

“आवरतेच की हो,” वहिनी म्हणाल्या. “दिवसभर दुसरं करते काय?”

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली.

“किती जेवतेस?”

“दोन पोळ्या. मूठभर भात.”

“मग?”

“मग काय... सगळ्यांची झाली की आवरते.”

“म्हणजे काय करतेस?”

वहिनींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

मला माहीत होतं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, सासऱ्यांच्या वाटीतली आमटी, डब्यात भरून ठेवण्याएवढी नाही अशी भाजी. वहिनी ते ओट्यापाशी उभ्यानं खातात, भराभरा. बसून खाल्लं तर ते जेवण ठरेल. आमच्याकडे त्याला खाणं म्हणत नाहीत.

“शेवटची भूक कधी लागली होती तुला?” बुवांनी विचारलं.

वहिनी आठवायला लागल्या. खरोखर आठवायला लागल्या... बराच वेळ गेला. काही सापडलं नाही.

“उपास करा,” त्र्यंबक म्हणाला.

“करते की. गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या.”

“मग फरक कसा पडत नाही?”

“त्या दिवशी खिचडी उरते.”

मला हसू आलं. बुवा हसले नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“जेवून जा. मग सांगतो.”

बाजाराचा दिवस होता, पंगतीला माणसं थोडीच होती. समोरच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं : अन्न टाकू नये. अक्षर बुवांचंच, मठ बांधला तेव्हाचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. आम्ही दोघीही जेवलो. सगळ्यांची ताटं लख्ख उठली. माणसं आपापल्या वाटेनं गेली. पातेल्यात मात्र चौघांना पुरेल एवढा भात उरला. आमटी कालवलेला, संध्याकाळपर्यंत आंबणारा.

“त्र्यंबका, रोज उरतं त्याचं काय करतोस?”

“उरत नाही बुवा. भांड्यांना येणाऱ्या बायका संपवतात.” त्यानं भिंतीकडे पाहिलं. “सहा वर्षांत एक शीत वाया गेलं नाही.”

“आज त्या बाजाराला गेल्यात. तू संपव.”

“माझं जेवण झालं.”

“त्यांचंही झालेलं असायचं.”

त्र्यंबक बसला. पहिले घास त्यानं तपाला बसावं तसे, डोळे मिटून घेतले. सातव्या घासाला डोळे उघडले. नवव्याला पाणी मागितलं.

“पोटात जागा नाही बुवा.”

“भाताला ते ठाऊक नाही.”

आणखी दोन घास गेले. मग त्याचा हात पातेल्यातच राहिला. कपाळावर घाम आला होता. भात अजून अर्ध्याच्या वर होता.

“भरल्या पोटी माणूस खातो तरी कसा...”

हे तो कुणाला म्हणाला, कळलं नाही.



“द्या इकडे,” वहिनी म्हणाल्या. “एवढासा तर आहे. टाकायचा कशाला?”

त्यांनी पातेलं ओढलं आणि वाकून, उभ्यानंच, घास तोंडाशी नेलासुद्धा.

त्यांना त्र्यंबकाला खाली दाखवायचं नव्हतं. आपण काय करतोय हेच त्यांना दिसत नव्हतं. मला दिसलं, कारण माझाही हात पुढे गेला होता.

बुवांनी पातेल्याचा काठ धरला.

“ठेव, पोरी.”

“अहो, पण वाया...”

“ठेव.”

वहिनींनी घास परत पातेल्यात सोडला. मग त्या रडल्या. आवाज न करता. हात खरकटा होता, त्यामुळे तोंडही झाकता येईना.

मठाला गाय नाही. मागच्या दाराबाहेर खताचा खड्डा आहे. बुवा पातेलं घेऊन तिथवर गेले. सत्तरी उलटलेली, चाल सावकाश, पण वाटेत थांबले नाहीत. खड्ड्याच्या काठावर पातेलं पालथं केलं. तळाला चिकटलेली शितं बोटांनी निपटून काढली, तीही आत टाकली. मग रांजणापाशी येऊन हात धुतले.

“सोमवार कधी आहे?”

“परवा,” वहिनी म्हणाल्या.

“सुई घे. औषधाचं डॉक्टरांना कळतं.”

“आणि पाप?”

“ते इथं ठेवून जा.”

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. नमस्काराला वाकायला गेल्या, गुडघा आडवा आला, तशा अर्ध्यावरूनच हात जोडले. बुवांनी तेवढा पोचला अशी मान हलवली.

त्र्यंबक अजून पाटावरच होता. भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहत होता, खड्ड्याकडे पाहत होता. उठला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली आला होता की तो मला आधी ओळखूच आला नाही.

“बुवा... तुम्ही अन्न टाकलंत.”

बुवांनी रिकामं पातेलं त्याच्या हातात दिलं.

“टाकत रोजच होतो. आज जागा बदलली.”