कपाळावरचं खत

"बागेतली ती घाण आजच्या आज बाहेर काढा!"

देवकुंडीचा राजा रणधवल नाकाला रुमाल लावून सज्जात उभा होता, आणि खाली हैबती माळ्याचं धाबं दणाणलं होतं. सज्जाखालच्या गुलाबांना त्यानं सकाळीच शेणखत घातलं होतं, आणि राजानं नेमका तेव्हाच छाती भरून श्वास घेतला होता.

राजानं उभ्या उभ्या फर्मान सोडलं. यापुढे बागेत माती पडेल ती अशी, जिला कुणाचा पाय लागलेला नाही. आणि खत असं, जे राजाला स्वतःच्या कपाळी लावता येईल! होळीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही दरबारात हजर झाली नाहीत, तर बाग उखडून तिथं फरशी बसेल आणि हैबतीची रवानगी वेशीबाहेर होईल.

हैबती घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. गावातली वडीलधारी मंडळी सल्ले द्यायला जमली. एकानं चंदन उगाळून घालायला सांगितलं. दुसऱ्यानं हिमालयाच्या शिखरावरची माती सुचवली. दिवाण विसोबापंत आले ते फक्त फरशीसाठी बागेची मापं विचारायला.

हैबतीची मुलगी येसू चुलीपुढून हे ऐकत होती. शेवटी तिला राहवेना.

"चंदन घालून गुलाब काय कीर्तनाला बसणार आहेत? उठा आबा, दोर आणि पोहरा काढा."

"अगं, देवळामागची विहीर कोरडी आहे."

"कोरडीच हवी मला."

कोरड्या विहिरीत पोहरा सोडणारी पोर बघायला सारं गाव लोटलं. माळ्याच्या पोरीचं डोकं फिरलं, यावर सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत झालं. गावात एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. येसूनं राजापुढे टोपली ठेवली. काळीभोर, भुसभुशीत माती! राजानं भीत भीत चिमूट हुंगली. नाकाला रुमाल लावावा लागला नाही.

"हिला पाय लागलेला नाही, हे कशावरून?" विसोबापंतांनी दरडावलं.

"पंत, नदी लांब आणि गुरवकाकांचे गुडघे दुखतात. निर्माल्याला कुणाचा पाय लागू नये, म्हणून ते वर्षानुवर्षं कोरड्या विहिरीत टाकतात. त्या फुलांची ही माती झाली. मी पोहऱ्यानं वर ओढली. खात्री करायची तर आत उतरा. पहिला पाय तुमचाच लागेल."

दरबारात खसखस पिकली. गुरवकाका खांबाआड सरकले.

"माती मान्य," राजा म्हणाला. "आणि खत?"

"ते महाराजांनी स्वतःच आणलंय."

"मी? कुठं आहे?"

"कपाळावर!"

विसोबापंत ताडकन उठले. येसू मात्र थांबली नाही. "काल होळी महाराजांनीच पेटवली, गोवऱ्यांची. तिचीच राख लावून महाराज आज आलेत. गोवरी म्हणजे उन्हात वाळलेलं शेणच की! आणि चिमूटभर राख गुलाबाला फार मानवते."

राजाचा हात कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला. होळीची राख पुसायची कशी? त्यानं दरबाराकडे पाहिलं. सरदार, शास्त्री, भालदार, सगळ्यांच्या कपाळी खत! विसोबापंतांनी पगडी हळूच भुवयांवर ओढली.

ते पाहून राजाला हसू फुटलं. हसता हसता राख नाकावर सांडली, राजा शिंकला, आणि शिंकून पुन्हा हसू लागला.

"बाग हैबतीला बक्षीस!" तो डोळे पुसत म्हणाला. "पंत, आत्ताच्या आत्ता खत करा."

पंत दचकले. "मी? कशाचं, महाराज?"

"कागदाचं हो! बक्षीसखत!"

पंतांनी ते लिहून पुढे धरलं. राजानं शिक्का उचलला, पण उमटवण्याआधी कागद नाकाशी नेऊन एकदा नीट हुंगून घेतला.