सदोबाचा साहेबी कंद

डोंगरावरच्या एका थंड गावात सदोबा पार्टे नावाचा गृहस्थ राहायचा. घरामागे छोटीशी परसबाग. तिच्यात कोबी, घेवडा, मुळे आणि कडेला झेंडू. माणूस लाखात एक, पण एक खोड होती. त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. कुणी फावडं मागितलं, दिलं. कुणी म्हणालं, म्हैस हरवलीय, शोधायला चल, की हा निघाला. एकदा तर एकाच दिवशीच्या दोन लग्नांत वाढायला येतो म्हणून दोन्हीकडे हो म्हणून बसला, आणि श्रीखंडाचं पातेलं घेऊन दिवसभर दोन मांडवांमध्ये धावत राहिला. त्याची बायको हौसाबाई कपाळाला हात लावायची. दुसरं करणार काय बिचारी!

त्याच गावात मार्थाबाई साळवे राहायच्या. बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांची सारी हयात गेली होती. त्यांचे यजमान योहान त्याच शाळेचे माळी. शाळेच्या बागेत ते दरवर्षी एक परदेशी कंद लावायचे. नाव सेलेरिॲक. गावाला ते नाव काही जमेना, म्हणून गावाने त्याला साहेबी कंद म्हणायला सुरुवात केली. नाव साहेबी, पण रूप बघाल तर खडबडीत, वाकडंतिकडं, वर दाढी वाढलेली. मार्थाबाई दर नाताळाला त्याचं सूप करायच्या. योहान वारले आणि गावातून तो कंदही गेला.

एकदा एप्रिल महिन्यात मार्थाबाईंनी सदोबाला बोलावून घेतलं आणि त्याच्या हातात एक कागदाची पुडी ठेवली.

"योहानने धरलेलं हे शेवटचं बी," त्या म्हणाल्या. "नाताळ झाला की पुतण्या मला नाशिकला न्यायला येतोय. तिथे चौथ्या मजल्यावर माती कुठली? जाण्याआधी एकदा ते सूप करायचंय रे. माझे गुडघे आता बागेत बसू देत नाहीत. तू लावशील?"

"लावतो की, बाई! नाताळाच्या आदल्या दिवशी कंद तुमच्या हातात देतो. शब्द दिला."

आता सदोबा हो म्हणाला यात नवल ते काय? पण या वेळी तो मनापासून म्हणाला होता. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने पाहिलं होतं.

"एक लक्षात ठेव," मार्थाबाईंनी बजावलं. "पाल्याला हात लावू नकोस. खालची पिवळी पानं तेवढी काढ. वर पाला राहिला तरच खाली कंद भरतो."

सदोबाने जीव ओतून काम केलं. बी खसखशीहून बारीक. ते मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं. त्याने खोक्यात भुसभुशीत माती भरली, बी भुरभुरलं आणि रोज हाताने पाणी शिंपडलं. तीन आठवडे काहीच दिसेना. सदोबा खोक्यापाशी बसून "या हो, या" म्हणायचा, आणि हौसाबाई आतून विचारायची, "कोण पाहुणे आलेत?" अखेर कोंब दिसले. त्यांतली नऊ रोपं जगली. ती त्याने परसात लावली. पावसाने झोडपू नये म्हणून वर छप्पर घातलं.

श्रावणापर्यंत रोपं अशी डवरली की बघत राहावं. हिरवागार पाला, आणि वास कोथिंबिरीचाही येतोय आणि ओव्याचाही. शेजारच्या गजराकाकू कुंपणावरून वाकल्या.

"सदोबा, वास काय सुटलाय रे! आमटीत टाकायला दोन काड्या दे ना."

सदोबाने मान खाजवली. दोन काड्यांनी काय होतंय, असं म्हणून दिल्या. काकूंची आमटी फक्कड झाली. काकूंनी ते विहिरीवर सांगितलं, आणि विहिरीवर सांगितलं म्हणजे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या, तिसऱ्या दिवशी सातजण. कुणाला भजीत हवा, कुणाला पिठल्यावर, कुणाला नुसता वास घ्यायला. हौसाबाई दारात असली की सगळ्यांना वाटेला लावायची. मग लोक ती नदीवर गेल्यावर येऊ लागले. "सदोबासारखा दिलदार माणूस नाही," असं म्हणत मूठभर पाला घेऊन जायचे. ते ऐकून सदोबाला इतकं बरं वाटायचं की विचारू नका.

मार्थाबाई ओसरीवर बसल्या बसल्या विचारायच्या, "कंद कसे आहेत रे?"

"झकास आहेत, बाई!" सदोबा म्हणायचा आणि पाय उचलून पुढे जायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो झेंडू तोडायला परसात गेला. साहेबी कंदाच्या वाफ्याकडे बघून तो जागीच थबकला. रोपं कसली, नुसते खुंट उरले होते. त्याने एकाच्या बुडाची माती बाजूला केली. कंद सुपारीएवढा. दुसऱ्याचीही सुपारीच. तिसरा सडलेला. एक एक करत आठ रोपं पाहिली, आठांत जीव नव्हता. फक्त एक रोप झेंडूच्या दाट झाडांआड होतं, म्हणून लोकांच्या नजरेतून सुटलं होतं. त्याला पाला होता, आणि त्याचा कंद लिंबाएवढा झाला होता.

हौसाबाई मागे येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, हेच वाईट.

"अख्ख्या गावाला हो म्हणालात," ती म्हणाली. "आता मार्थाबाईंना काय म्हणणार?"

सदोबा मटकन खाली बसला. त्याला स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती. दहा-अकरा आठवडे हातात होते आणि रोप एकच होतं. ते वाचवायचं, तर एकच उपाय होता, आणि तो खोदण्यापेक्षा अवघड होता.

सकाळी उठून त्याने सराव सुरू केला. कोबीसमोर उभा राहून म्हणाला, "नाही." कोबीने काही वाईट वाटून घेतलं नाही. मग घेवड्याला म्हणाला, मुळ्यांना म्हणाला. थोडा धीर आला. तेवढ्यात कुंपणावरून गजराकाकू आल्याच.

"दोन काड्या दे रे."

"नाही, काकू. आता मिळणार नाही." आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

काकूंना आधी थट्टा वाटली. मग त्यांचं तोंड एवढंसं झालं. "आले मोठे बागाईतदार!" असं म्हणून त्या फणकाऱ्याने निघून गेल्या. सदोबाला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. काकूंचा रुसवा तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी त्या विरजण मागायला आल्या आणि निघताना घटकाभर गप्पाही मारून गेल्या. सदोबा चाटच पडला. म्हणजे नाही म्हटल्यावर माणसं तुटत नाहीत तर!

तो रोज माती ओली ठेवू लागला. खालची पिवळी पानं काढू लागला. बाकी पाल्याला त्याने स्वतःसुद्धा हात लावला नाही. कंद हळूहळू मातीतून डोकं वर काढू लागला.

डिसेंबर उजाडला, आणि एक दिवस सरपंच अंकुशराव स्वतः दारात आले. हातात टोपली.

"सदोबा, उद्या तालुक्याची मोठी माणसं जेवायला आहेत. तुझ्या त्या पाल्याची भजी खाऊ घालतो म्हणून सांगून बसलोय. आणि हे बघ, त्यांच्या हस्ते तुझा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. आदर्श बागाईतदार म्हणून!"

फेट्याची सदोबाला किती वर्षांची हौस! गावातल्या प्रत्येक सत्कारात त्याने टाळ्या वाजवल्या होत्या, पण त्याच्यासाठी कुणी वाजवल्या नव्हत्या. हौसाबाई चुलीपाशी हातातलं काम सोडून ऐकत होती.

"नाही, अंकुशराव."

"सगळा नको रे बाबा, निम्मा दे."

"निम्मासुद्धा नाही. एकच रोप उरलंय, आणि त्याचा कंद मार्थाबाईंना कबूल केलाय. आधी लोकांना वाटत सुटलो, ती चूक माझी. पुन्हा नाही करणार."

आवाज या वेळी बारीक आला नाही. सरपंच टोपली घेऊन तणतणत गेले. फेटा वरच्या आळीतल्या एकाला मिळाला, त्याच्या लांबलचक दुधीसाठी. सदोबा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मनातून थोडा खट्टू झाला, नाही असं नाही. पण झोप मात्र छान लागली.

नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने कंद उपटला. मोठ्या पेरूएवढा भरला होता. खडबडीत, वाकडातिकडा, दाढीवाला. तो धुऊन सदोबा आणि हौसाबाई मार्थाबाईंकडे गेले.

"बाई, नऊ रोपं होती. पाला वाटून आठ मी घालवली. तुम्ही विचारलंत की झकास म्हणायचो, ते खोटं होतं. एवढा एकच राहिला."

मार्थाबाईंनी कंद हातात घेतला, सुरीने साल काढली, आणि घरभर तो वास पसरला.

"योहान बागेतून घरात आल्यासारखं वाटलं रे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून हसल्या. "एक पुरे. सूपच करायचंय, पंगत थोडीच घालायचीय?"

त्यांनी कंदाचे तुकडे केले, बटाटा घातला, दूध घातलं, वर लोण्याचा गोळा सोडला. तीन वाट्या भरल्या. मार्थाबाईंनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. मग त्या सदोबाकडे वळल्या.

"आवडलं का रे?"

सदोबाने तोंडातला घोट कसाबसा गिळला. हौसाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"नाही, बाई," सदोबा म्हणाला. "अजिबात नाही."

मार्थाबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी त्याची वाटी ओढून घेतली आणि आपल्या वाटीत रिकामी केली.

तात्पर्य विचाराल तर: येईल त्याला हो म्हणणाऱ्याचा शब्द शेवटी कुणालाच पुरत नाही. एकाला दिलेला शब्द पाळायचा असेल, तर दहा जणांना हसतमुखाने नाही म्हणायला शिकावं.