गोगलगायीकडून हरलेली शेवंती

टेकडीच्या कुशीत एक गाव होतं. तिथली माती लाल होती, इतकी लाल की पांढरी कोंबडी अंगणात लोळली तर केशरी होऊन उठायची. त्या मातीची कौलं दूरदूरच्या घरांवर चढायची, आणि सगळ्यांत सुबक कौलं करायचे ते शेवंतीचे बाबा.

कौलं करून माती उरली की बाबा तिच्या चिमुकल्या चौकोनी फरश्या पाडायचे. तळहाताएवढ्या. त्या भाजून झाल्या की त्यांवर रंग चढायचा. कुठे लाल रस्ता, कुठे निळं पाणी, कुठे हिरवंगार गवत. घरात त्यांना फरशुल्या म्हणत. संध्याकाळ झाली की बाबा खडूने जमिनीवर एक चौकट आखायचे, तिच्या चार बाजूंना चार दारं आणि मधोमध गोल तळं काढायचे. मग पिशवीत न बघता हात घालायचा, हाताला लागेल ती फरशुली काढायची आणि चौकटीत ठेवायची. रस्त्याला रस्ता जुळला की वाट पुढे जायची, गवताला टेकला की तिथेच संपायची. ज्याची वाट आपल्या दारापासून तळ्यापर्यंत आधी पोहोचली, तो जिंकला.

चार दारांना चार जण: बाबा, आई, आजोबा आणि अबोलीताई. ताईचं नाव अबोली असलं तरी तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आजोबा नको असलेली फरशुली हळूच धोतराखाली सरकवून तिच्यावर बसायचे आणि सापडले की म्हणायचे, "हात्तिच्या! मला वाटलं पाटच आहे."

आणि शेवंती? शेवंती बाबांच्या मांडीवर. ती कच्चं लिंबू होती. कच्चं लिंबू खेळात असतं, पण कुणी त्याला मोजत नाही. ते चुकलं तरी चुकत नाही आणि हरलं तरी हरत नाही.

मग एका वर्षी बाबा आजारी पडले आणि गेले.

भट्टी थंडावली. आई दुसऱ्यांच्या भट्टीवर माती वाहायला जाऊ लागली. तिच्या तळहातांना भेगा पडल्या. भाकरीबरोबर कधी चटणी असायची, कधी नुसतं मीठ. फरशुल्यांची पिशवी फळीवर गेली ती खाली आलीच नाही.

वर्ष उलटलं. उंबऱ्यापाशी जमीन उखडून मोठा खड्डा पडला होता. एका दुपारी आईने चिखल कालवला, फळीवरची पिशवी खाली काढली आणि म्हणाली, "आजोबा रोज इथे अडखळतात. या फरश्या चिखलात बसवून टाकू. चांगल्या भाजलेल्या आहेत."

"नाही!" शेवंती म्हणाली.

"अगं, खेळायला चार जण लागतात. आपण तिघंच आहोत."

"मी चौथी."

"तू तर कच्चं लिंबू!" अबोलीताई म्हणाली. "आज तू चौथी झालीस, उद्या म्हणशील मांजर पाचवी!"

अंगणात फुटक्या कौलांचा केवढा तरी ढीग पडला होता. खड्डा त्यांनीही बुजला असता. शेवंतीला तो ढीग दिसत होता. आईला का दिसत नव्हता, ते मात्र तिला कळेना. तिने पिशवी छातीशी घट्ट धरली, खड्ड्यावरून उडी मारली आणि धूम ठोकली.

"शेवंते! चिखल वाळायच्या आत आण ती!" आई मागून ओरडली.

"नाही आणणार!"

ओढ्यापलीकडे एक बाग होती. तिथे सोनचाफ्याच्या पिवळ्याधमक पाकळ्या, निळीजांभळी गोकर्णं आणि उन्हात चमचमणारी इवली इवली फुलपाखरं होती. शेवंतीने काडीने मातीत चौकट आखली. चारही दारांपाशी ती आळीपाळीने बसली, आणि चौथ्या दारापाशी आल्यावर तिथेच बसून राहिली.

तेवढ्यात चाफ्याची एक मिटलेली कळी टप्पकन उमलली. आतून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचे पंख कोवळ्या पालवीसारखे पोपटी होते आणि केसांतून सोनेरी कण झिरमिर झिरमिर सांडत होते.

"सोनुले, एकटीच खेळतेस?" परीने गोड आवाजात विचारलं. "माझ्याशी खेळ. जिंकलीस तर तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम आहेत हं. दुसऱ्याच्या ताटातलं मागायचं नाही. आणि जे माणूस गेलं..."

"ते परत मागायचं नाही," शेवंती म्हणाली. "माहीत आहे मला. पुढचं सांग."

परीने पंख एकदा फडफडवले. मग म्हणाली, "पुढचं काही नाही. खेळू या."

दोघी खेळल्या. शेवंतीची वाट सरसर पुढे गेली. ती एकदा चुकली तर परी म्हणाली, "उचल, उचल, परत ठेव." परीची स्वतःची वाट मात्र दर खेपेला जाऊन गवतात घुसत होती. बघता बघता शेवंती तळ्याशी पोहोचली.

"जिंकलीस गं राणी! माग काय हवं ते!"

शेवंतीने डोकं चालवलं. खड्डा बुजला तर फरशुल्या वाचतील. "उंबऱ्यापाशी बसेल अशी एक मोठी फरशी दे," ती म्हणाली.

परीने बोट फिरवलं. झगमग झगमग करत एक फरशी अवतरली, मोरपिशी, कडेने चंदेरी. शेवंती हरखून गेली. इतक्यात झाडावरून एक खार धपकन त्या फरशीवर उतरली आणि पट्! साबणाच्या फुग्यासारखी फरशी फुटून गेली.

"माझा काही दोष नाही हं," खार म्हणाली. "मी शेपटीसुद्धा टेकवली नव्हती."

शेवंती परीकडे बघत राहिली. परीचे पंख जरा मिटले.

"असं होतं कधीकधी," ती पुटपुटली. "लहान मुलांना मी मुद्दाम जिंकू देते. बिचारी कच्ची लिंबं. मग त्यांची इच्छाही कच्चीच निघते. पण घटकाभर आनंद होतो ना! आजवर कुणी तक्रार केली नाही."

"मग माझी लिहून घे!" शेवंती ताडकन उठली. "मला नको तुझी फुग्याची फरशी. माझ्याशी खरंखुरं खेळ."

"हरशील, बाळ."

"हरेन. हरले तर पिशवी तुझी."

"अगं, ही तर तुझ्या..."

"ठाऊक आहे कुणाची आहे ती. म्हणूनच खरं खेळायचं. चार दारांना चार जण."

परीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिने बाह्या सावरल्या. पहिलं दार शेवंतीचं, दुसरं परीचं. तिसऱ्याला खारूताई बसली. चौथ्याला कुणीच नव्हतं, म्हणून चाफ्याच्या बुंध्यावरून एका गोगलगायीला बोलावलं. ती दाराशी येईपर्यंत खारूताईच्या दोन डुलक्या झाल्या.

डाव सुरू झाला. आता परी अशी खेळू लागली की बघत राहावं! तिची वाट लचकत मुरडत तळ्याकडे निघाली, आणि जाता जाता तिने खारूताईची वाट गवतात लोटून बंद केली. "ही काय रीत झाली?" खारूताई फणकारली.

बाबा म्हणायचे, "हातातली फरशुली नंतर बघ. आधी रिकामी जागा बघ." तिने रिकाम्या जागा पाहिल्या. परीची वाट कुठून येणार, ते तिला दिसलं. तिथे तिने गवताची फरशुली ठेवली, आणि परीची वाट थांबली.

"अगंबाई!" परी म्हणाली. या वेळी तिचं आश्चर्य खोटं नव्हतं.

आता तळ्याकाठी एकच जागा उरली होती. शेवंतीची वाट तिच्या एका बाजूला येऊन टेकली होती, गोगलगायीची दुसऱ्या बाजूला. पाळी गोगलगायीची होती. तिला फरशुली उचलता येत नव्हती, म्हणून शेवंतीच तिच्यासाठी काढायची आणि ती शिंगांनी दाखवील तिथे ठेवायची. शेवंतीने पिशवीत हात घातला. हाती आला एक वळणाचा लाल रस्ता.

गोगलगायीची शिंगं हळूहळू वळली. अगदी हळूहळू. आणि तळ्याकाठच्या त्या जागेकडे रोखली गेली. फरशुली तिथे ठेवली तर गोगलगायीची वाट वळून तळ्याला मिळणार होती, आणि शेवंतीच्या वाटेपुढे गवत येणार होतं.

"थांब," परी हलकेच म्हणाली. "तिला बिचारीला खेळातलं काय कळतं? ती कच्चं लिंबू. तिची फरशुली दुसरीकडे ठेवलीस तरी चालेल. पुढच्या पाळीला तू पोहोचशील."

पिशवी शेवंतीच्या मांडीवर होती. तिचं कापड बाबांच्या जुन्या सदऱ्याचं होतं. शेवंतीने ती दोन्ही मुठींत आवळली.

"कोण कच्चं लिंबू?" ती मोठ्याने म्हणाली. बागेतली फुलपाखरं दचकून उडाली. "ती चौथ्या दाराची आहे. इथे कुणीसुद्धा कच्चं लिंबू नाही!"

आणि तिने वळणाचा रस्ता तळ्याकाठी ठेवला.

गोगलगाय जिंकली.

मग परीने काडी घेतली आणि मातीत लिहिलं: गोगलगाय जिंकली, परी हरली, खार हरली. शेवटी जरा थांबून लिहिलं: शेवंती हरली. शेवंतीने ती ओळ बोटाने एकदा गिरवून पाहिली. डोळे भरले होते, तरी तिने पिशवी परीपुढे केली.

"घे. कबूल केलं होतं."

परीने पिशवी घेतली. "इच्छा मात्र जिंकणाऱ्याची," ती म्हणाली. "माग, गोगलगायबाई."

गोगलगायीने विचार केला. ऊन एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं, तरी ती विचारच करत होती. शेवटी ती म्हणाली, "आ...णखी... ए...क... डा...व."

"बस? एवढंच?" खारूताई ओरडली. "अगं, पंख माग! पाय माग!"

"आ...णखी... ए...क... डा...व," गोगलगाय म्हणाली. "म...ला... आ...जवर... कु...णी... खे...ळायला... घे...तलं... न...व्हतं."

परी खळखळून हसली, आणि तिच्या हसण्याबरोबर सोनेरी कण सगळीकडे उधळले. "डाव हवा तर फरशुल्या शाबूत हव्यात, आणि जिला त्या खेळता येतात तीही हवी." तिने पिशवी शेवंतीच्या ओंजळीत परत ठेवली. "पक्की इच्छा आहे ही. मलाही मोडता येणार नाही. या आता कधी चिखलात जाणार नाहीत. जा आता घरी, हिचा डाव उद्या. मी येते दारापर्यंत."

शेवंती पळत सुटली. तिच्यापुढे एक इवलासा उजेड लुकलुकत चालला होता.

घरी चिखल सुकत आला होता आणि आई खड्ड्याशेजारी नुसतीच बसली होती.

"आणलीस?" तिने विचारलं.

"आणली. पण देणार नाही. आजोबा, मला एक सांगा. कच्चं लिंबू कधी हरतं का?"

"छे!" आजोबा म्हणाले. "हरलं तर ते कच्चं कसलं?"

"मी आज हरले. अगदी खरंखुरं. गोगलगायीकडून."

"गोगलगायीकडून?" अबोलीताईच्या तोंडून पुढे शब्दच फुटेना. उभ्या गावात असं पहिल्यांदाच झालं होतं.

"हो. म्हणजे मी पक्की झाले. म्हणजे आपण चार जण झालो."

आजोबांनी मान डोलावली. "बरोबर आहे पोरीचं. यातून सुटका नाही, सूनबाई."

आई पिशवीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "त्या चौथ्या दाराशी दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही, शेवंते."

"दुसरं कुणी कुठे?" शेवंती म्हणाली. "मी तिथेच तर बसायची, आई. बाबांच्या मांडीवर. ती माझीपण जागा आहे."

आईने पिशवीच्या कापडावरून हात फिरवला. मग तिने अबोलीताईला अंगणातली फुटकी कौलं आणायला सांगितली. चिखलात पुन्हा पाणी घालून खड्डा कौलांनी बुजवला. हात धुतले, पदराला पुसले, आणि कोनाड्यातून खडू काढला. चौकट जरा वाकडी आली. तळं तर पेरूसारखं झालं. पण दारं चार काढली.

डाव रंगला. आजोबांच्या धोतराखाली दोन फरशुल्या सापडल्या. अबोलीताई दोन वेळा रुसली. आई जिंकली, आणि शेवंती चौघांत शेवटची आली.

"हरली! हरली! शेवंती हरली!" अबोलीताई नाचू लागली.

"अगं, लहान आहे ती," आजोबा म्हणाले.

"मुळीच नाही," आई म्हणाली, आणि तिने ओठांवर आलेलं हसू दाबलं. "आमच्या घरात हरणाऱ्याने फरशुल्या धुऊन ठेवायच्या असतात. शेवंते, ऊठ. कोपरेसुद्धा घासायचे हं."

शेवंती उठली. जत्रेत नवा परकर मिरवावा तशी मान ताठ करून ती दगडी कुंडीपाशी गेली आणि एकेक फरशुली घासू लागली. लाल रस्ते ओले होऊन चमकले, निळं पाणी आणखी निळं झालं. कुंडीच्या काठावर बोटभर उंचीची परी उभी होती.

"काही मदत करू, राणी?" तिने विचारलं.

"नको," शेवंती म्हणाली. "मी हरलेय. माझं काम आहे."

परीने लवून तिला मुजरा केला. मग तिच्या पोपटी पंखांतून, सोनेरी केसांतून, इवल्या बोटांतून उजेड पाझरू लागला. बघता बघता सगळं अंगण पिवळंधमक झालं, कुंडीतलं पाणी लखलखलं, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

"शेवंते, आटप लवकर!" आतून आईची हाक आली. "दुसरा डाव मांडलाय!"