शेवटचा दिवस नसलेली राजाज्ञा

पूर्वी शालवती नगरीत सुभूम राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व तेथे न्यायामात्य होते. त्यांचे नाव सुनेत्र. राजाची प्रत्येक आज्ञा त्यांच्याच हातून लिहिली जाई.

त्या नगरीचा जुना नियम असा, की नगरसभेच्या होकाराशिवाय राजाने कुणालाही कोंडू नये. साथ आली तर मात्र सभेची वाट पाहता येत नाही. तेव्हा राजाने एकट्याने आज्ञा द्यावी, पण तिचा शेवटचा दिवस आधीच सांगावा.

एका वर्षी तापाची मोठी साथ आली. घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली. राजाने गावाबाहेर ज्वरगृह बांधले, आजाऱ्यांना तिथे ठेवण्याची आज्ञा काढली आणि गर्दीने ताप पसरतो म्हणून सभागृहाला कुलूप लावले. त्या धांदलीत बोधिसत्त्वांनी लिहिले, ‘ताप ओसरेपर्यंत’. ताप ओसरला हे कोणी ठरवायचे, ते लिहायचे राहूनच गेले. राजाचा हेतू तेव्हा चांगला होता, हेही सांगायला हवे. ज्वरगृहामुळे पुष्कळ जीव वाचले.

पण तीन महिने झाले तरी आज्ञा उठेना. माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. कोणी खोकले की शेजारीण दार लावून घेई, आणि कोणी राजाविषयी बोलले की आणखी घट्ट लावून घेई.

एके सकाळी कुवलया नावाची तेलीण बोधिसत्त्वांच्या दारी आली. तिचा नवरा नंदक दोन महिने ज्वरगृहात होता. ती रोज फाटकाशी पेजेचे मडके ठेवून येई. मडके चाटूनपुसून परत येते, असे ती म्हणाली. वर निरोप येतो, मिरे घाल, आंबट काहीतरी दे. तापाच्या माणसाला कधी चव असते का?

घरात आजारपण काढलेल्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. पण बोधिसत्त्वांना आधी तिचाच संशय आला. नवरा सुटावा म्हणून बाई काहीही सांगेल, असे त्यांना वाटले. आज्ञा संपेपर्यंत धीर धर, असे ते म्हणाले. कधी संपणार, असे तिने विचारले. ताप ओसरला की, असे ते म्हणाले.

तेव्हा ती म्हणाली, “अमात्य, आम्ही बायका उपोसथ धरतो तेव्हा आधी तोंडाने म्हणतो, आजचा दिवस आणि आजची रात्र. एवढ्याशा उपवासालाही शेवट असतो. तुमच्या आज्ञेला तो घालायचा विसरलात, की मुद्दाम घातला नाहीत?”

ती गेल्यावर बोधिसत्त्वांनी ते ताडपत्र काढून पाहिले. अक्षर त्यांचेच होते.

त्याच दिवशी ते ज्वरगृहात गेले. आत एकालाही ताप नव्हता. खरे आजारी केव्हाच बरे होऊन घरी गेले होते. राहिले होते ते सगळे कधी ना कधी राजाला उलट प्रश्न विचारलेले. नंदकाने तर भर बाजारात विचारले होते, “या तापाला सभागृहाचीच वाट बरी सापडते, बाजाराची कशी सापडत नाही?” त्याने बोधिसत्त्वांकडे पाठ फिरवली.

राजाला हे कळले. लिहिले आहे ते तसेच राहू दे, तुला महामात्य करतो, असा त्याने निरोप पाठवला. बोधिसत्त्वांनी नम्रपणे नकार कळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लावलेल्या सभागृहाबाहेर, पिंपळाच्या पारावर, त्यांनी सभेच्या वडीलधाऱ्यांना बोलावले. आज्ञेतली चूक माझी आहे, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले आणि आत काय पाहिले तेही सांगितले.

राजा स्वतः तिथे आला. सुनेत्राला माझी राजमुद्रा, म्हणजे माझी सत्ताच हवी आहे, असा त्याने आरोप केला. शिवाय ज्वरगृहात जाऊन आलेला माणूस लोकांत कसा हिंडतो? आज्ञेप्रमाणे त्याला कोंडले पाहिजे.

“खरे आहे, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाले. “मला कोंडा. फक्त किती दिवस, ते सांगा.”

राजा पेचात पडला. दिवस सांगावा तर तो सगळ्यांनाच लागू होणार. न सांगावा तर हे कोंडणे कशासाठी, ते उघडे पडणार. त्याने सोबत आलेल्या राजवैद्याकडे पाहिले. तीन महिने मान खाली घातलेल्या वैद्याने ती वर केली आणि हळूच म्हटले, “सात.”

“सात दिवस,” राजाला म्हणावे लागले.

“मग आतल्यांचे सात केव्हाच झाले की,” पारावरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

बोधिसत्त्वांनी तिथेच नवी आज्ञा लिहिली. कोणालाही कोंडायचे ते सातच दिवस, पुढे सभेने होकार दिला तरच. राजाने मुद्रा उमटवली, पण खुशीने नाही. संध्याकाळी बाकीच्यांबरोबर नंदक बाहेर आला आणि त्याच फाटकातून बोधिसत्त्व आत गेले. नंदक त्यांच्या पाया पडला नाही. बोधिसत्त्वांनाही त्यात काही गैर वाटले नाही.

वडीलधाऱ्यांचा राजावर विश्वास नव्हता. ते आळीपाळीने फाटकासमोर बसून राहिले. आठव्या दिवशी सकाळी पहारेकरी जरा घुटमळला. त्याने समोर बसलेल्यांकडे पाहिले आणि अडसर काढला.

जमलेल्या भिक्खूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, “विहारात आजारपण आले तेव्हा कोठाराची किल्ली घेऊन, ते संपले तरी ती न सोडणारा हा समोरचा भिक्खू, तोच तेव्हा सुभूम राजा होता. ती किल्ली परत मागणारी उपासिका ही कुवलया, तिचा पती तो नंदक. आज संघापुढे या किल्लीविषयी खरे बोललेला ज्येष्ठ स्थविर तो राजवैद्य. आणि सुनेत्र अमात्य मीच होतो.” हे ऐकून त्या भिक्खूने किल्ली संघापुढे ठेवली. आपल्या हातून झालेली चूक चारचौघांत कबूल करून तिचा भार आपणच उचलणे, ही सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.