कुंभारणीचा परळ

एकदा एक तरुण शिष्य ईस्टरच्या आदल्या दिवशी आपल्या गुरूंपुढे, गावच्या चर्चच्या वृद्ध पाळकांपुढे, तोंड पाडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे दफनभूमीतल्या ईस्टरच्या उपासनेत त्याचे पहिले प्रवचन व्हायचे होते, आणि ते करायचे नाही असे त्याने मनाशी ठरवले होते.

“गुरुजी, ग्रंथ वाचले आणि मन खट्टू झालं. ज्या पौर्णिमेवरून आपण सण धरतो, ती यहुद्यांच्या वल्हांडण सणाची. रंगवलेली अंडी तर त्याहूनही जुन्या वसंतोत्सवांतली म्हणतात. उसन्या सणाचा अभिमान मी कोणत्या तोंडानं सांगू?”

परसातल्या चुलीवर कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी उकडत होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळभर चर्चच्या मंडळीला अंडी वर्ज्य, पण कोंबड्यांना उपवास कुठला ठाऊक? घरोघरी साठलेली अंडी या दिवशी गुरूंच्या चुलीवर येत. म्हाताऱ्याने तांब्याभर पाणी घेतले आणि जळत्या लाकडांवर ओतले. वयाने यांची बुद्धी चळली, असे शिष्याला वाटले.

“जा, शेजारून विस्तव आण,” गुरू म्हणाले.

शेजारची कुंभारीण मातीच्या परळात निखारे घालून देताना म्हणाली, “सणासुदीची चूल गार ठेवू नये, दादा.” शिष्याने फुंकून फुंकून डोळे लाल केले, तेव्हा कुठे चूल पेटली. अंडी छान तांबूस झाली.

“ही अंडी कुणाची?” गुरूंनी विचारले.

“आपल्या मंडळीची.”

“आणि विस्तव?”

“कुंभारणीचा. पण म्हणून का अंडी तिची...” शिष्य बोलता बोलता थांबला. मग ओशाळून परळ धुऊ लागला आणि परत द्यायला निघाला.

“रिकामाच नेतोस?”

शिष्याचे पाऊल अडले. शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नसते, हे आईने त्याला लहानपणीच शिकवले होते. गुरूंनी सर्वांत तांबडे अंडे निवडून परळात ठेवले.

“वल्हांडणानं आपल्याला पौर्णिमा दिली, वसंतानं अंडं दिलं. घेतलं, यात लाज कसली? आपल्या पूर्वजांनी ती भांडी रिकामी परत केली नाहीत, बाळा. प्रभूची कबर रिकामी सापडली, तो मेलेल्यांतून उठला, ही बातमी त्यांनी त्यांत घातली. जगाला याहून मोठं कुणी काय दिलंय? मला तर याचा फार अभिमान आहे.”

पहाटे शिष्य कबरींच्या मधोमध उभा राहिला. “प्रभू उठला आहे,” तो म्हणाला, आणि “खरोखर उठला आहे,” असे सगळी दफनभूमी उत्तरली. कुंपणापलीकडे कुंभारीण उभी होती. तिच्याकडे पाहून त्याने प्रवचनाला आरंभ केला, “काल मी शेजारून विस्तव आणला...”

घेतलेले भांडे ज्याने भरून परत केले, त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.