सवतीच्या हातचं लोणी

ऐका बायांनो, शियाच्या झाडाची कहाणी. दूर आफ्रिकेत, मावळतीच्या अंगाला, आटपाट गाव होतं. मातीची घरं, गवताची छपरं, मधे एक अंगण. त्या अंगणात सेदू शेतकऱ्याच्या दोन बायका नांदत होत्या. थोरली न्येले, धाकटी तेनिन. थोरलीला चार लेकरं, धाकटीची कूस रिकामी. पण तिथं लोणी काढतात ते शियाच्या बियांचं; बिया भाजाव्या, कुटाव्या, दळाव्या, पाणी घालून हातानं फेटाव्या, तर धाकटीचं लोणी पांढरंशुभ्र यायचं. गाव नावाजायचं आणि थोरलीच्या पोटात दुखायचं. धाकटी हसली तरी खुपायचं, गप्प बसली तरी खुपायचं.

मग काय झालं? थोरलीच्या लेकीला मुलगी झाली. आठव्या दिवशी बारसं. तिथली रीत अशी, की आजीनं ताज्या लोण्याचं पहिलं बोट बाळाच्या टाळूला लावावं, मग नाव ठेवावं. लोणी नाही, तर नाव नाही.

थोरलीनं लोणी फेटायला गल्लीतल्या साऱ्या बाया बोलावल्या. एकीला तेवढं वगळलं. पहिल्या दिवशी लोणी आलं नाही, म्हणाली पाणीच गार. दुसऱ्या दिवशी आलं नाही, म्हणाली बियाच जुन्या. तिसऱ्या दिवशी आलं नाही, म्हणाली सवतीनं दृष्ट लावली. आता सवतच ती, तिच्या नावानं खडे नाही फोडायचे तर कुणाच्या? बारसं उद्यावर आलं. शेजारणी म्हणाल्या, धाकटीकडे तयार लोणी आहे, मागून घे. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नातीला तिचं लोणी? मेले तरी नाही.

मग ती विहिरीवर जाऊन रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. तिच्या हातांना शियाच्या खोडासारख्या भेगा. तिनं विचारलं, हिनं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "जिला बघून तुझं काळीज जळतं, तिला आपल्या तोंडानं हाक मार. आपल्या हातानं पाणी घाल. लोणी जिच्या हाताखाली येईल, तिनं बाळाला पहिलं बोट लावावं."

थोरलीनं विचारलं, दुसरा वसा नाही का? म्हातारी म्हणाली, नाही.

मग थोरली धाकटीच्या दाराशी गेली, परत फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा हाक मारली. धाकटी उठून आली. थोरलीनं पाणी घातलं, धाकटीनं हात घातले. घटकाभरात तपकिरी लगदा पांढरा झाला, लोणी वर आलं. थोरलीचं तोंड उतरलं, पण तिनं वसा मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बारशाला माणसं जमली. थोरली सवतीला म्हणाली, पहिलं बोट तू लाव. धाकटीनं बोट लोण्यात बुडवलं आणि तशीच उभी राहून म्हणाली,

"बाई, तुम्हाला एकेक लेकरू झालं, की मी दार लावून रडायची. तुमची भरली मांडी बघून माझ्या जिवाची आग व्हायची. तुमचं एकही मूल मी कधी हातात घेतलं नाही."

थोरलीची चार बाळंतपणं झाली आणि तिला ते बंद दार दिसलं नव्हतं. मग तिनं नात उचलली, सवतीला बसवून तिच्या मांडीवर ठेवली. धाकटीनं टाळूला बोट लावलं. माणसांनी विचारलं, नाव काय? थोरलीच्या पोटात एकदा दुखलंच, पण तिनं आपल्या तोंडानं सवतीचंच नाव सांगितलं, "तेनिन."

त्या दोघींची आग जशी निवली, तशी तुमची आमची निवो. लांबच्या गावची ही कहाणी, थोड्या बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.